जुन्या डिस्कचे भाव

गेल्या वर्षी ऑफिसात एक रिपोर्ट फार हळू चालत होता. इंडेक्स होता, तरी पोस्टग्रेस त्याला हात न लावता अख्खं टेबल वाचत बसायचं. शोधलं तर प्लॅनरच्या हिशोबात खोट नव्हती. भाव जुने होते.

क्वेरी चालवण्याआधी पोस्टग्रेसचा प्लॅनर वेगवेगळ्या वाटांचा खर्च मांडतो आणि स्वस्त वाट निवडतो. सलग पान वाचायचा भाव १, इकडेतिकडे उडी मारून वाचायचा ४. हा ४ फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातला. तिथे हेड सरकावं लागतं, चकती फिरून यायची वाट बघावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून बरेच जण तिथे १.१ ठेवतात. पण खालची डिस्क बदलली हे प्लॅनरला आपोआप कळत नाही. कुणीतरी सांगावं लागतं. मी ती एक ओळ बदलली आणि मिनिटांचं काम सेकंदांत झालं.

ओळ बदलताना शहाद्याचं घर आठवलं. २०१७ मध्ये धाकटी बहीण बारावी झाली. तिला पुण्याला शिकायचं होतं. पप्पा म्हणाले, "लांब पडेल, झेपणार नाही." पप्पांच्या डोक्यातलं 'लांब' १ जुलै १९९८ च्या आधीचं होतं. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. एका सहीसाठी धुळ्याला जायचं, दिवस मोडायचा, साहेब नसले की पुन्हा जायचं. घरी निरोप द्यायला एसटीडी बूथ शोधायचा. त्या भावाने पुणे खरंच महाग होतं. ती शहाद्यातच बी.कॉम. झाली.

मग चूक कुणाची? भाव बदलल्याचं ज्याला माहीतच नाही, त्याला दोष देणं मला जड जातं. पण मी तेव्हा पुण्यातच दुसऱ्या वर्षाला होतो. रात्रीची गाडी, मुलींची वसतिगृहं, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं मला माहीत होतं. डिस्क बदललीय हे घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. दोघं पुण्यात राहिलो तर माझे महिन्याचे पैसे कमी होतील, हा माझाही एक हिशोब होता.

अर्थात सगळेच भाव उतरत नाहीत. डोळे मिटून १.१ टाकलं तरी प्लॅनर चुकू शकतो. पहाटेच्या अंधारात स्टँडवर एकटी उतरलेली मुलगी, ही पप्पांची भीती काही जुनी झालेली नव्हती. म्हणून आम्ही एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ लावतो. त्यात क्वेरी खरोखर चालते आणि अंदाजाशेजारी खरा वेळ दिसतो. घरात निदान तिला विचारता आलं असतं, तुला कशाची भीती वाटते, कशाची नाही. ते कुणीच विचारलं नाही.

दिवाळीत मी तिला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, तेव्हा पप्पांना एक फोन केला असतास."

तेव्हा माझ्याकडे जिओचं सिम होतं. बोलायला मिनिटाचे पैसे पडत नव्हते.