पान हातात, नमुना बाजूला

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, व्हर्मॉंट-न्यू हॅम्पशायरकडे, मेपलची झाडं लाल-केशरी होऊ लागतात. तिथल्या बालवाड्यांमध्ये या दिवसांत एक उपक्रम हमखास होतो. मुलं पिशव्या घेऊन बाहेर पडतात, खाली पडलेली पानं वेचतात आणि वर्गात येऊन त्यांचे छाप काढतात. साहित्य अगदी थोडं लागतं: पातळ पांढरा कागद, वरचं वेष्टण सोलून टाकलेले मेणाचे खडू आणि पाण्याचे रंग.

पान टेबलावर पालथं ठेवायचं, म्हणजे शिरांचा उठाव वर येतो. त्यावर कागद आणि कागदाच्या कोपऱ्यांना सेलोटेप, कारण एका हाताने कागद दाबून धरायचा आणि दुसऱ्याने घासायचं, हे चार वर्षांच्या मुलाला अजून साधत नाही. सुरुवातीला मुलं खडूच्या टोकानेच गिरगटतात आणि कागदावर नुसते फराटे उठतात. कोणीतरी खडू आडवा धरून दाखवला की चित्र पालटतं. आधी मधली जाड शीर दिसते, मग तिला फुटलेल्या बारीक शिरा, मग कडेचे दाते. खूपशी मुलं इथे थांबतात, कागदाचा कोपरा उचकटतात आणि खालचं पान जागेवर आहे ना, ते बघून घेतात. शेवटी सगळ्यावरून निळा किंवा जांभळा पाण्याचा रंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे शिरांच्या रेषा तेवढ्या कोरड्या आणि उजळ राहतात.

या खेळाला मोठा वारसा आहे. लिओनार्दो दा विंचीच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या हस्तलिखितात सेज नावाच्या वनस्पतीच्या पानाचा छाप आहे. काजळी आणि तेल वापरून तो कसा काढायचा, हेही त्याने शेजारी लिहून ठेवलं आहे. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने तर कागदी चलनावर पानांचे ठसे छापले. पानातल्या शिरांची नक्षी इतकी बारीक आणि प्रत्येक पानाची इतकी वेगळी असते की तिची हुबेहूब नक्कल करणं खोट्या नोटा पाडणाऱ्यांना जड जाई. दोन पानं सारखी नसतात, ही गोष्ट चार वर्षांचं मूल खडू घासता घासता स्वतःच ताडतं.

मग प्रश्न येतो: पान लाल का झालं? उत्तर लहानांनाही सांगता येण्याजोगं आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हिरवं द्रव्य, क्लोरोफिल, मोडत जातं आणि त्याच्या आड दडलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. तो पानात आधीपासूनच होता. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन नावाचं ते द्रव्य मेपलची पानं शरदातच पानातल्या साखरेपासून नव्याने तयार करतात. लख्ख उन्हाचे दिवस आणि गार रात्री असा हंगाम मिळाला, तर लाली जास्त खुलते.

इतका सुंदर उपक्रम बिघडवायला एकच गोष्ट पुरते, ती म्हणजे तयार नमुना. बाईंनी आधीच कापून आणलेले नारिंगी भोपळे, ठिपक्यांवर चिकटवायचे डोळे, ‘इथे पान लावा’ असं दाखवणारा बाण. तासाभराने भिंतीवर वीस सारखी चित्रं लागतात आणि त्यांतलं कोणतं कोणाचं, हे मागचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही. फ्रान्झ चिझेक याने 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला, तेव्हा नमुन्याबरहुकूम काढायची शिस्त त्याने दाराबाहेर ठेवली. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात बजावलं की रंग भरायची तयार पुस्तकं मुलाला परावलंबी करतात. आपल्याला स्वतःहून काढता येत नाही, असं त्याला वाटायला लागतं. आजही हे म्हणणं तितकंच खरं आहे. बाईंची अडचण समजण्यासारखी आहे: वर्गात मुलं पुष्कळ, वेळ थोडा आणि घरी ‘काहीतरी दिसेल’ असं पाठवायचं दडपण. ते दडपण आणणाऱ्या पालकांनी आधी बदलायला हवं. मुलाच्या हातात चुरगळलेला, निळा-काळा कागद दिसला तर ‘हे काय आहे?’ ऐवजी ‘हे पान कुठे सापडलं?’ असं विचारून बघावं. मग मूल बोलत सुटतं.

आपल्याकडे नमुन्याचा हट्ट आणखी एका वाटेने येतो. मुंबई-पुण्यातल्या शिशुवर्गांत ऑक्टोबरमध्ये मेपलच्या पानाची वर्कशीट वाटली जाते. खिडकीबाहेर त्या वेळी झाडं पावसाळ्याची हिरवाई अंगावर घेऊन उभी असतात. रंग आहेत, पण ते झेंडूत, शेवंतीत, सड्यांवर उरलेल्या तेरड्यात. पानांची रंगपंचमी आपल्याकडे उशिरा येते. रस्त्याकडेच्या बदामाची रुंद पानं हिवाळ्यात लालबुंद होऊन गळतात. पिंपळाला तांबूस पालवी फुटते आणि सह्याद्रीतला कुसुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी नव्या पानांनी असा पेटतो की लांबूनही ओळखू यावा. म्हणजे मेपलची लाली जाता जाताची, कुसुंबाची येता येताची. मुलांना सांगायला यापरती गोष्ट कोणती?

आयता नमुना न देता परिसरातल्याच वस्तू मुलांच्या हाती देण्याची दृष्टी आपल्याला परकी मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडीचं काम उभं केलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी पानं, बिया, खडे, शिंपले वर्गात आणले. साधन परिसरातलंच असल्यामुळे मूल शाळेत येण्याआधीच त्याच्याशी खेळलेलं असे.

तेव्हा शिक्षकांनी आणि आईबाबांनी या वर्षी एवढं करावं. वर्कशीट कपाटात राहू द्यावी आणि जानेवारी-फेब्रुवारीत मुलांना घेऊन एखाद्या बदामाखाली जावं. पान कोणतं उचलायचं, ते मुलांनाच ठरवू द्यावं. किडीने भोकं पाडलेलं निवडलं तरी हरकत नाही, भोकांचा छाप फार छान येतो. फक्त वेचलेली पानं त्याच दिवशी वापरावीत. वाळलेलं पान खडूच्या दाबाने कागदाखालीच चुरा होतं.