देणे आणि राखणे

दिवाळीत आपण दारे उघडी टाकतो. फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात, एरवी जपून ठेवलेल्या वस्तू कपाटाबाहेर येतात, आणि हातचे राखून ठेवणे ह्या चार दिवसांत तरी पाप वाटते. नेमक्या ह्याच दिवसांत, जन्मभर हातचे राखण्याबद्दल जिला नावे ठेवली गेली अशा एका थोर गायिकेविषयी लिहावे असे मला वाटते. ती गायिका म्हणजे सुरश्री केसरबाई केरकर.

केसरबाई १८९२ साली गोव्यात, फोंडे महालातल्या केरी गावी जन्मल्या. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा मोठमोठ्या गुरूंकडे त्यांची तालीम तुकड्यातुकड्यांनी झाली. अखेर १९२१ च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. १९४६ साली खाँसाहेब पैगंबरवासी होईपर्यंत हे नाते टिकले. खाँसाहेबांची गायकी म्हणजे दमसासाची कसोटी. त्यात बसंतीकेदार, संपूर्ण मालकंस असे अनवट राग, लयीला न सोडणारी आलापी आणि जिची टोके सापडू नयेत अशी गुंतवळीची तान. ते सारे केसरबाईंच्या भरदार, खुल्या आवाजात उतरले. १९४८ साली कलकत्त्यात त्यांना 'सुरश्री' ही पदवी मिळाली, १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६९ साली पद्मभूषण मिळाले.

आणि ह्या बाईंनी हे धन वाटले कोणाला? ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूष. मागे राहिल्या त्या थोड्या तबकड्या, त्यांतल्या बऱ्याचशा तीन-साडेतीन मिनिटांच्या. शिष्या म्हणून नाव घेतले जाते ते एकट्या धोंडूताई कुलकर्णींचे. आवाज शाबूत असताना, १९६० नंतरच्या काही वर्षांत, त्यांनी जाहीर मैफली आपण होऊन थांबवल्या. रसिक हळहळले आणि हळहळीच्या मागोमाग आरोप आला, की ही विद्या काय त्यांच्या एकटीची होती?

प्रश्न खरोखर मोठा आहे. विद्या दिल्याने वाढते, हे आम्ही शाळामास्तर मुलांकडून दरसाल घोकून घेतो. मी वर्गात गणित शिकवले म्हणून माझे गणित काही कमी होत नाही. मग एखाद्या गवयाने चीज शिकवली तर त्याचे काय जाते? पण जरा जवळून पाहिले म्हणजे हा हिशेब इतका सोपा राहत नाही. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. घराण्यातल्या गवयाला चीज हीच जमीन होती. तीवर त्याचे कुटुंब जगे. दुसऱ्याच्या तोंडी ती गेली म्हणजे बांध फुटला. 'दिल्याने वाढते' हे वचन ज्याची चूल दुसऱ्या कशावर तरी पेटते त्याला म्हणणे सोपे जाते.

दुसरी एक गोष्ट आहे. अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी एका संस्थानिकाच्या पदरी होते. मालकाची मर्जी म्हणून दिवसचे दिवस गावे लागले आणि त्यात त्यांचा गोड आवाज कायमचा गेला असे सांगतात. उरलेल्या जाड आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, तेच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याचे वैभव झाले. पण ह्या कथेचा पहिला भाग विसरू नये. त्या तरुण गवयाला 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती.

केसरबाई ज्या समाजात जन्मल्या, त्या गोव्याच्या कलावंतांच्या समाजातील स्त्रीला तर ती सोय मुळीच नव्हती. देवळात गाणे, उत्सवात गाणे, यजमानाच्या दिवाणखान्यात गाणे. तिचा गळा गावाचा, असे गाव धरूनच चाले. तिचे गाणे ऐकायला येणारा सभ्य गृहस्थ तिला आपल्या घरच्या पंगतीला बोलावीत नसे. अशा स्त्रीने एक दिवस मोठ्या मानाने सांगावे, 'मी गाईन ते माझ्या अटीवर, मला वाटेल तेव्हा, वाटेल तेथे', ह्याला आपण कंजूषपणा म्हणावे काय? पिढ्यान् पिढ्या जिच्याकडून न विचारता घेतले, तिने पहिल्यांदा मूठ मिटली तर त्या मुठीत मला स्वाभिमान दिसतो. नकाराचा हक्क नसेल तर देण्याला दान म्हणता येत नाही, ती वसुली होते.

इथपर्यंत मी केसरबाईंचा वकील आहे. पण वकिलाच्या पुढे न्यायाधीश असतो, आणि तो दुसरी बाजू ऐकल्यावाचून उठत नाही.

त्याच काळात विष्णु दिगंबर पलुसकर होते. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ज्या गाण्याला सभ्य घरांत दार बंद होते ते भल्या घरच्या मुलामुलींना फी घेऊन उघडपणे शिकवले. भातखंडे होते. घराण्यांच्या पेट्यांत बंद असलेल्या शेकडो चिजा त्यांनी जमवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून टाकल्या. आणि मोगूबाई कुर्डीकर होत्या. त्याही गोव्याच्या, त्यांचेही गुरू अल्लादिया खाँ, आणि त्यांनीही हाल काही कमी सोसले नाहीत. तरी त्यांनी हाताशी येईल त्याला शिकवले. त्यांच्या तालमीतून किशोरीताई आमोणकर घडल्या. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावलीच्या धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती तेवढी वर येतात. गाव बुडाले, पण तिथून आलेली गायकी आज घरोघर ऐकू येते. हा पुरावा केसरबाईंच्या विरुद्ध जातो, हे कबूल करायला हवे.

कारण केसरबाईंचे गाणे तरी निव्वळ त्यांचे कोठे होते? आवाज त्यांचा, कष्ट त्यांचे. पण ती गायकी खाँसाहेबांनी दिली, खाँसाहेबांना ती घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळाली, आणि त्या वडीलधाऱ्यांना आणखी कोणाकडून. जे आपण घेतले ते ऋण आहे. आणि ऋण फेडायचे ते देणाऱ्याला नव्हे, पुढच्याला. ह्या हिशेबाने कलावंत हा आपल्या विद्येचा मालक ठरत नाही, विश्वस्त ठरतो. विश्वस्ताला नकाराचा अधिकार असतो. येईल त्याच्यापुढे तिजोरी उघडणे हे त्याचे काम नाही, किंबहुना तसे करणे हा त्याचा गुन्हाच होईल. पण तिजोरी घेऊन विहिरीत उडी टाकण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

केसरबाईंनी उडी टाकली नाही. धोंडूताई त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्या काही अजाण पोर नव्हत्या. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांची तालीम पचवून, वयाची तिशी ओलांडून त्या आल्या होत्या. तयार गळ्याच्या स्त्रीने पुन्हा कोणासमोर शिष्या म्हणून बसणे सोपे नसते. त्या बसल्या. केसरबाईंनी शिकवले. पुढे धोंडूताईंनी मुंबईत वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले, २०१४ साली त्या गेल्या. म्हणजे ऋण फिटले. ते अगदी काठोकाठ फिटले असे मी म्हणणार नाही. एका दाराने जे बाहेर येते ते दहा दारांनी आले असते तितके खासच नव्हे, आणि त्या भरदार मैफलींतले पुष्कळ आता कधीच ऐकू येणार नाही. हे नुकसान खरे आहे. मोठ्या माणसाच्या स्वाभिमानाचीही किंमत असते आणि ती पुष्कळदा आपल्यासारख्या मागून येणाऱ्यांनी भरायची असते.

नियतीचा विनोद पाहा. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. परग्रहावर कोणी असलेच तर त्याला मानवजातीची ओळख पटावी म्हणून त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यावर जगभरचे सत्तावीस संगीताचे नमुने आहेत. हिंदुस्थानचा एकच आहे, केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी. दुसरे यान उडाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. ज्यांनी शेजारच्या खोलीत यंत्र लावू देताना खळखळ केली त्यांचा आवाज आज दोन हजार कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे गेला आहे. पण तेथे तो कोणी शिकून घेणार नाही. तबकडी आवाज राखते, तालीम राखीत नाही. ती फक्त समोरासमोर बसून, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते.

म्हणून ह्या प्रश्नातला निम्मा वाटा आपण नेहमी विसरतो. देणाऱ्याने का राखले, हे आपण तावातावाने विचारतो. घेणारा वेळेवर जाऊन बसला होता का, हे कोणी विचारीत नाही. तुमच्या घरी कोणी आजी असेल, जिला जात्यावरच्या ओव्या येतात. कोणी काका असतील, ज्यांच्या हाताला मूर्ती घडवण्याचे कसब आहे. त्या उद्या गेल्यावर 'सगळे बरोबर घेऊन गेल्या' म्हणून आपण हळहळू. परंतु त्यांनी दार लावून घेतले होते की आपणच कधी ठोठावले नाही? ह्या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा घटकाभर तेथे बसा, आणि 'मला शिकवता का?' असे विचारा. कदाचित त्या नाही म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे. विचारणे हे मात्र आपल्याकडेच लागते.