शेवटच्या अक्षराचं टोक

रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की ओळीने गावं लागतात: आवास, झिराड, किहीम, थोडं पुढे नवगाव. नावापुढे ‘कर’ लावला की आडनाव तयार. कोकणात याचं कुणाला नवल नाही. पण आवासकर, झिराडकर, किहीमकर, नवगावकर म्हणवणाऱ्यांत दाविद, शमुवेल, हाइम अशा नावांची माणसंही होती. हे बेने इस्राएल, या किनाऱ्यावरचे यहुदी. शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद.

त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि पोथ्या समुद्रात गेल्या. हे केव्हा घडलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पुढे हिब्रूही विसरली. उरली ती शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशी मुलाची सुंता, पर आणि खवले असलेलेच मासे खायचा नेम, आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. तिचं पहिलं वाक्य हिब्रूत सहाच शब्दांचं: देव एकच, याची ग्वाही. जन्म असो, लग्न असो की मयत, म्हणायला हेच.

ग्रंथ नाही, पुरोहित नाही, भाषा नाही. सहा शब्दांवर तगलेल्याला तोच धर्म म्हणायचं का?

उत्तराआधी हे सहा शब्द लिहितात कसे ते पाहण्याजोगं आहे. यहुद्यांच्या धर्मग्रंथाची, तोराची, गुंडाळी कातड्यावर हातानेच लिहिली जाते. तिच्यात या वाक्याच्या पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर ‘आयिन’ आणि अखेरच्या शब्दाचं शेवटचं अक्षर ‘दालेत’ ही दोन्ही बाकीच्यांपेक्षा मोठी काढतात. ती जोडून वाचली की ‘एद’ होतं, म्हणजे साक्षीदार. हा अर्थ सुंदर आहेच, पण दुसरं कारण जास्त व्यवहारी. अखेरचा शब्द ‘एखाद’, म्हणजे एक. दालेतला वर आडवी रेघ आणि उजवीकडे खाली येणारी उभी रेघ. ‘रेश’चंही तसंच. फरक एवढाच, की दालेतच्या उजव्या खांद्यावर टोक पुढे आलेलं असतं, रेशचा खांदा गोल. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात. टोक पुसलं गेलं तर तोच शब्द ‘अखेर’ होतो आणि अर्थ होतो ‘दुसरा’. (मराठी ‘अखेर’शी त्याचा काही संबंध नाही.) एकाचा दुसरा व्हायला शाईचा एवढासा कोपरा पुरतो. म्हणून दालेत मोठं. उलट, तोराच्याच निर्गम या पुस्तकात दुसऱ्या देवाला नमू नये अशी आज्ञा आहे, तिथे ‘दुसरा’मधलं रेश मोठं काढतात.

आणि रेश म्हणजे आपला ‘र’. आडनावाच्या शेवटी बसलेला.

एका बाजूला गावाने दिलेला ‘र’, दुसऱ्या बाजूला जपलेलं दालेत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी. बेने इस्राएलांनी गावाकडून घ्यायला हात आखडला नाही. मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली, लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र आलं, एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होऊ लागला. विधवेने पुन्हा लग्न करू नये हा उच्चवर्णीय कित्ताही त्यांनी गिरवला, आणि तो घ्यायला नको होता. खांद्यावरचं टोक मात्र घासलं नाही.

कोचीनहून आलेल्या दाविद राहाबीने ते ओळखलं, अशी कथा आहे. त्याने बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवले. त्यांनी पर-खवले नसलेले बाजूला काढले. मग त्याने तिघांना धर्मविधी शिकवले: झिराडकर, राजपूरकर, शापूरकर. पुढे १७९६ मध्ये शमुवेल दिवेकरांनी मुंबईत सिनेगॉग बांधलं, १८३२ मध्ये मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, आणि विसरलेली भाषा पुन्हा शिकता आली. हाइम शमुवेल किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला; तो तेल अवीवमध्ये १९३७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

पुढे या समाजातले लोक इस्राएलमध्ये राहायला गेले, तिथे मात्र त्यांना वंशावळ विचारली गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांचं बाहेरच्या यहुद्याशी लग्न नोंदवण्याआधी शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका होती ती जुन्या काळच्या मिश्र विवाहांची आणि शास्त्राप्रमाणे न झालेल्या घटस्फोटांची. धर्मकायद्याच्या चष्म्यातून ती अगदीच निराधार नव्हती. पण ज्यांचे कागदच समुद्रात गेले त्यांच्याकडे कागद मागणं, ही परीक्षा चुकीच्या विषयाची होती. दर आठवड्याला एक दिवसाची कमाई सोडून घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या बाबतीत सहा शब्द पुरेसे मानायला हवे होते. खुद्द या समाजानेही ‘काळे इस्राएल’ म्हणून आपल्यातल्याच काहींशी रोटीबेटी तोडलेली होती, हेही याच हिशोबात धरलं पाहिजे.

जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर धर्मपीठाने फर्मानातून समाजाचं नाव काढलं. संशय असेल त्याची चौकशी करण्याची तरतूद तशीच ठेवली.