सहलीचे पुण्य : तंजावर ते तिरुवैयारु

राजधानीत राहणाऱ्या माणसाने सुटीच्या एका दिवसासाठी कोणते ठिकाण निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा आणि सोयीचा वाटतो. परंतु ज्या देशात नदीच्या जवळजवळ प्रत्येक रम्य वळणावर एखादे देवस्थान उभे आहे, तेथे तो धर्मविचाराचाही प्रश्न ठरतो. मौजेसाठी निघालेला माणूस देवळात शिरला तर त्याला यात्रेचे फळ लाभते काय, आणि यात्रेकरूने वाटेत मौज केली तर ते फळ उणावते काय, हे दोन्ही प्रश्न धर्मशास्त्राने गंभीरपणे घेतले आहेत. चोळांची आणि पुढे 1855 पर्यंत भोसले घराण्याची राजधानी असलेले तंजावर आणि तेथून जेमतेम 11 ते 13 किलोमीटरांवरचे तिरुवैयारु ही जोडी या प्रश्नांच्या विचाराला फार उपयोगी पडते.

निबंधग्रंथांत, म्हणजे निरनिराळ्या स्मृतींतील वचने विषयवार एकत्र करून त्यांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथांत, तीर्थफलाचा हिशोबच मांडलेला आढळतो. दुसऱ्यासाठी तीर्थाला जाणाऱ्याला सोळावा हिस्सा मिळतो आणि जो प्रसंगाने, म्हणजे दुसऱ्याच कामाच्या ओघात, तेथे पोहोचतो त्याला अर्धे फळ मिळते, असे त्यातील प्रसिद्ध वचन आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953 साली निघालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, त्यात असे नियम एकत्र पाहायला मिळतात. प्रयागमाहात्म्यात याहून कडक वचन आहे: ऐश्वर्याच्या तोऱ्याने, लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून यात्रा करतो त्याची यात्रा निष्फळ होते. या वचनांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. दोषांच्या यादीत ऐश्वर्य आहे, लोभ आहे, मोह आहे, आनंद नाही. फळ उणे होते ते चित्त दुसरीकडे गुंतल्यामुळे, मन प्रसन्न झाल्यामुळे नव्हे. म्हणून प्रसंगाची कसोटी अशी लावणे योग्य ठरेल की, जो आनंद इतर कोठेही तितकाच मिळाला असता, त्याच्यासाठी तीर्थाला जाणे हा प्रसंग; आणि जो आनंद त्या स्थळाच्या पाण्यातून, गाण्यातून, देवळातूनच उगम पावतो, त्याचा विषय आणि दर्शनाचा विषय एकच असल्यामुळे तेथे वाटणी करण्याजोगे दुसरे काही उरतच नाही.

तंजावरहून तिरुवैयारुला जाणारा रस्ता या कसोटीला पुरेपूर उतरतो. शहर सोडताना वडवारु, मग वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी फाट्याफाट्यांनी पसरलेले असल्याने दर थोड्या अंतरावर पूल येतो, आणि दोन पुलांच्या मध्ये भातखाचरे व केळीच्या बागा लागतात. संस्कृत परंपरा तिरुवैयारुला पंचनदक्षेत्र म्हणते आणि तेथील शिवाला पंचनदीश्वर. तमिळ भाविकांचा तोच अय्यारप्पर. मात्र उन्हाळ्यात या नद्यांच्या जागी बरेचदा नुसती वाळू दिसते. मेट्टूर धरणातून त्रिभुज प्रदेशासाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख 12 जून आहे, त्यामुळे पाणी पाहायचे असेल तर जाण्याचा महिना विचारपूर्वक ठरवावा लागतो.

सातव्या शतकातील शैव संत अप्पर यांच्या चरित्रातील कैलासयात्रेची कथा याच गावाशी जोडलेली आहे. वृद्ध अप्पर कैलास पाहण्यासाठी उत्तरेकडे निघाले. पाय झिजले तेव्हा हातांवर, हात झिजले तेव्हा छातीवर सरपटत पुढे गेले, आणि अखेर देह चालेना तेव्हा शिवाने ऋषिरूपाने येऊन त्यांना जवळच्या सरोवरात बुडी मारायला सांगितले. ते वर आले ते तिरुवैयारुच्या पुष्करिणीत. तेथे त्यांना कैलास दिसला तो बर्फाचा डोंगर म्हणून नव्हे, तर हत्ती आणि हत्तीण, कोंबडा आणि कोंबडी, मोर आणि लांडोर अशा जोड्यांच्या रूपाने. त्या जोडीजोडीत त्यांना शिव आणि शक्ती भेटले. ज्याने देहदंडाची परिसीमा गाठली, त्याला दर्शन घडले ते घरच्या वाटेवर, खेळकर प्राण्यांच्या संगतीत. या कथेचा अर्थ कष्ट व्यर्थ असा लावणे अन्यायाचे होईल, कारण कष्टांवाचून ती दृष्टी त्यांना लाभली असती असे कथा म्हणत नाही. मात्र जवळचे ठिकाण दूरच्या ठिकाणाहून उणे असते, ही समजूत तिने मोडीत काढली आहे. आडि या तमिळ महिन्यातील अमावास्येला तिरुवैयारुत आजही हा प्रसंग साजरा होतो.

देवाला स्वतःलाही येथे एक फेरी असते. चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, सप्तस्थान उत्सवात अय्यारप्पराची पालखी नवपरिणीत नंदीला बरोबर घेऊन तिरुपळनम, तिरुच्चोट्रुतुरै, तिरुवेदिकुडी, तिरुकंडियूर, तिरुप्पूंतुरुत्ती आणि तिल्लैस्थानम् या सहा गावांच्या देवांना भेटते आणि सगळ्या पालख्यांसह परत येते. नंदीच्या लग्नासाठी कोणी फळे दिली, कोणी भात, कोणी फुले, कोणी तूप, असे स्थलपुराण सांगते. परतल्यावर एक बाहुली यंत्राच्या साहाय्याने पालखीवर फुले टाकते आणि लहानमोठे सारे ते पाहण्यासाठी ताटकळत उभे राहतात. शेजारच्या गावांना भेटी देणे, पाहुणचार घेणे, शेवटी घरी परतणे ही सहलीची सारी लक्षणे येथे विधीचे अंग झाली आहेत.

आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या प्रारंभी, होणाऱ्या आडिप्पेरुक्कु या सणातही तेच दिसते. चढत्या कावेरीची पूजा करण्यासाठी तिरुवैयारुच्या पुष्यमंडपाच्या घाटावर बायका हळद, कुंकू, फुले आणि पिवळा दोरा घेऊन येतात, आणि पूजा आटोपली की चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात असे डबे उघडून सारे कुटुंब नदीकाठी जेवायला बसते. या जेवणाला पूजेनंतरची चंगळ म्हणून वेगळे काढता येत नाही.

याच घाटांच्या गावी संगीतकार त्यागराज (1767–1847) यांचे जवळजवळ सारे आयुष्य गेले. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले आणि त्या वेळी ‘निधि चाल सुखमा’ ही कृती गायली, असे परंपरा सांगते. तिचा रोख सुख टाकून देण्यावर नाही. धनाचे सुख मोठे की रामाच्या सान्निध्याचे, असा तिचा प्रश्न आहे, आणि पुढे ती चवींचीही तुलना करते. दुसऱ्या एका कृतीत ते मनाला विचारतात की, रामाच्या धनुष्याच्या टोकाशी कोट्यवधी नद्या असताना तू का भटकतोस. भटकणे अनावश्यक मानणाऱ्या या पुरुषाच्या समाधीपाशी पौष वद्य पंचमीला, त्यांच्या आराधनेच्या उत्सवासाठी, हजारो माणसे दुरून येतात आणि पाच घनराग पंचरत्न कृती एकत्र गायल्या जातात. ही समाधी मोडकळीस आली असता गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी 1920 च्या दशकात पदरमोड करून तेथे देऊळ उभारले. स्त्रियांना तेथे गाण्याची मुभा नव्हती, तीही त्यांनी झगडून मिळवली. आज तेथे भावनेने उभ्या राहणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे.

सरफोजी स्वतः 1820 मध्ये काशीयात्रेला निघाले आणि त्या यात्रेतून सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ग्रंथही आले. काटेकोर हिशोब मांडला, तर हा प्रसंगच होय. पण ते ग्रंथ आजही वाचले जातात, आणि त्या यात्रेचे फळ अर्धेच होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. मीमांसक ज्याला अर्थवाद म्हणतात, म्हणजे विधी न सांगता केवळ प्रवृत्त किंवा परावृत्त करण्यासाठी केलेली स्तुती वा निंदा, त्या वर्गातच अर्ध्या फळाचे वचन बसवणे अधिक सयुक्तिक आहे.

तेव्हा तंजावरहून एकच दिवस हाती असणाऱ्याने आराधनेच्या गर्दीचा दिवस आग्रहाने धरू नये. कावेरीला पाणी असताना सकाळी निघावे, कंडियूरला उतरून उरलेले अंतर पायी तोडावे, अय्यारप्पराच्या प्राकारात दक्षिणेकडे उभे राहून हाक मारावी आणि तिचा प्रतिध्वनी ऐकावा, समाधीपाशी थोडे बसावे, आणि गावातला मुगाच्या डाळीचा, तूप सुटलेला अशोका हलवा खाऊन परतावे. अशा माणसाने अर्धे फळ गमावले असे म्हणायला शास्त्रात आधार नाही.