खोबरेल तेल आणि सतरावा अध्याय



आजच्या वाचनात गीतेच्या सतराव्या अध्यायातला विसावा श्लोक आहे. दानाबद्दलचा. सात्त्विक दान कोणतं, तर परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायला हवं म्हणून दिलेलं, आणि जागा, वेळ व घेणारा कोण हे पाहून दिलेलं. हा श्लोक मी कितीदा वाचला असेन, पण दरवेळी पहिल्या भागापाशीच थांबायचे. अपेक्षा नको, बस्स. मला कुठे अपेक्षा असते, असं म्हणून पान उलटायचे. पुढचा भाग मला गेल्या पंधरवड्यात कळला, तोही आईच्या शिवणाच्या मशीनमुळे.

मशीन सिंगरचं आहे, पायाने चालवायचं. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी, आता बरीच पुसलेली. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेलं. नंबर ‘वाय’ अक्षराने सुरू होतो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. वडिलांनी ते जुन्या बाजारातून आणलं तेव्हाच ते आईपेक्षा वयाने मोठं होतं. आईने त्यावर कराडच्या आमच्या आळीतल्या बायकांची पोलकी शिवली, पोरांचे गणवेश शिवले, लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत बसली. माझी आणि भावाची फी त्या चाकावरून आली. मशीनची खडखड ऐकत झोपायची आम्हाला इतकी सवय होती, की ती थांबली की जाग यायची.

अकरा वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी आईला पुण्याला माझ्याकडे आणलं. मशीनही टेम्पोतून आलं. आई म्हणाली, “खिडकीपाशी ठेव गं, उजेड येतो तिथे.” मी म्हटलं, “आयुष्यभर पाय मारलेस, आता पुरे. आराम कर.” मशीन पॅसेजमध्ये ठेवलं, त्यावर छान विणलेलं आच्छादन घातलं. आईने पुढे दोन-तीनदा विषय काढला. मी दरवेळी तेच उत्तर दिलं. खरं सांगते, मला ते बोलताना भरून यायचं. आपण आईचे पांग फेडतोय असं वाटायचं.

आणि दरवर्षी खंडेनवमीला मी मशीनची पूजा करायचे. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पेढ्याचा नैवेद्य. नुसती पूजा नको, सेवाही व्हावी म्हणून प्रत्येक भोकात तेलाचे दोन थेंब. घरात असायचं ते खोबरेल. अकरा नवम्या झाल्या.

या महिन्यात नातीला कापडी पिशवी शिवायची हौस आली. आच्छादन काढलं, चाकाला हात लावला. चाक ढिम्म हललं नाही.

पेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी चाकावर नुसता तळवा ठेवला, भोकात बघितलं, बोट लावून वास घेतला आणि हसले. “ताई, केसाला लावायचं ते मशीनला घातलंत होय?” मग पुडक्यातून एक जुनी सुई काढून त्यांनी एकेका तेलाच्या भोकातून लाल खड्यासारखं काहीतरी उकरून काढलं. मला वाटलं गंज. ते म्हणाले, “गंज नाही हा. कुंकू आहे.” हळद-कुंकू, धूळ आणि खोबरेल यांची अकरा वर्षांची वडी! थंडीत बाटलीत खोबरेल गोठतं ते आपण बघतोच. मशीनमध्ये ते धूळ आणि कापडाचा भुसा धरून बसतं, जुनं झालं की राळेसारखं चिकटतं. तेलाने मशीन हलकं व्हायचं, इथे तेलानेच ते बांधून टाकलं होतं. काका म्हणाले की नुसतं पडून राहिलं असतं तर एवढं वाईट झालं नसतं.

पुढचं काम मी शेजारी स्टूल टाकून बघितलं. सुई काढली, खालची सरकपट्टी काढली, बॉबिनची डबी काढली. शटल फिरतं तिथली कडी दोन बारीक स्क्रू सोडवून उघडली, तर मागे काळ्या पडलेल्या दोऱ्याचा गुंता. डाव्या तोंडावरची पत्र्याची झाकणी काढली. मग जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे रॉकेल. (हल्ली रॉकेल मिळवणं हाच एक उद्योग आहे. काकांनी स्वतःची बाटली आणली होती.) मी उत्साहाने चाक फिरवायला गेले तर त्यांनी हात धरला. “जोर नाही लावायचा. आतलं तुटलं तर भाग शोधत बसाल. उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी चाक बोटभर हललं. परत रॉकेल. तिसऱ्या दिवशी अर्धा फेरा, मागे-पुढे, मागे-पुढे. चौथ्या दिवशी पूर्ण फिरलं. त्यानंतर सगळं रॉकेल फडक्याने टिपून घेतलं, कारण रॉकेल सोडवतं पण घसरवत नाही, त्यावर चालवलं तर धातू झिजतो. मग मशीनचं पातळ, पाण्यासारखं तेल. चामड्याचा पट्टा नवा, बॉबिन भरायच्या चाकाची रबरी कडी नवी. सगळं मिळून साडेपाचशे रुपये.

काका गेल्यावर मी आईला म्हटलं, “बघ ना, खोबरेलाने असं होतं हे कुणाला माहीत!”

आई म्हणाली, “मला माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतक्या भक्तीने घालत होतीस. काय बोलणार? आणि म्हटलं, चालवायचं तर नाहीच आहे.”

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीनचं काही नाही हो, ते चार दिवसांत सुटलं. पण अकरा वर्षं मी आईला जे देत होते त्याचं काय? आराम, कौतुक, वाढदिवसाला साडी, वेळेवर ताट. भाव शुद्ध होता, आजही मी तसंच म्हणेन. त्यात अपेक्षा नव्हती. फक्त घेणारीला काय हवं आहे ते मी एकदाही पाहिलं नाही. तिने तोंडाने सांगितलं तेव्हाही ऐकलं नाही. माझ्या भक्तीपुढे बोलायची तिला सोय उरली नाही. तिचंही मौन प्रेमाचंच. दोन्हीकडून प्रेम, आणि मधे चाक अडकलेलं.

कुणी म्हणेल, नवव्या अध्यायात तर भगवंत पान, फूल, फळ, पाणी काहीही चालेल म्हणतात, भक्तीने दिलेलं असलं की झालं. मग इथे जागा, वेळ, पात्र कशाला? मी बराच विचार केला. मला वाटतं, देवाचं काही अडत नाही. त्याच्या भोकांत कुंकू जाऊन बसत नाही. आपण चुकीचं दिलं तरी त्याला इजा होत नाही, म्हणून तो नुसता भाव घेऊ शकतो. माणसाला ते परवडत नाही. माझी चूक ही, की मी आईला देवासारखं मानलं आणि त्याच नात्याने देवाला देतात तसं दिलं, तिला न विचारता.

पण भाव पुरत नाही म्हणून तो बिनकामाचा, असंही नाही. गांधीजी यंत्रांचे टीकाकार, तरी १९२४ साली एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केलं. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरने ते केलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. आता इतिहास बघाल तर आयझॅक सिंगर काही तसला गृहस्थ नव्हता. त्याने एकाच वेळी अनेक संसार थाटले होते. त्याचं पेटंट १८५१ चं, आणि त्याच्याआधी १८४६ सालीच इलायस हाउने आपलं घेतलेलं. म्हणजे भाव धंद्याचा, आणि त्या धंद्याच्या मशीनने माझ्या आईसारख्या किती घरांची चूल पेटती ठेवली! माझा भाव सोन्यासारखा, आणि त्याने तेच मशीन बंद पाडलं. हे दोन्ही शेजारी ठेवले की मला अजून नीट उत्तर सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा.

मशीन आता खिडकीपाशी आहे. परवा सकाळी मी दोरा ओवून, अभ्र्याचं कापड लावून आईला बोलावलं. दोन टाक्यांत दोरा तुटला. परत ओवला, परत तुटला. आई वाकून बघायला लागली. “अगं, या मशीनला दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. सुईची सपाट बाजू डावीकडे. तू उलटं केलंयस सगळं.” तिला आता सुईचं नाक दिसत नाही, म्हणून ती सांगत गेली आणि मी ओवलं. मग ती बसली. पहिली टीप वाकडी गेली, ती तिने उसवली. दुसरी सरळ. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, तिचा गुडघा भरून आला. एक्क्याऐंशी वर्षांचा गुडघा, त्यात अकरा वर्षांची सवय मोडलेली. त्यावर रॉकेल नाही. ती उठली आणि जाऊन आडवी झाली. मी जवळ गेले तर म्हणाली, “कापड काढू नकोस, तसंच राहू दे.”

अभ्रा अजून अर्धाच शिवलेला सुईखाली आहे. उद्या एकविसावा श्लोक.