‘आमचे’ की ‘आपले’? : परकीयद्वेष आणि आफ्रिकी बंधुभाव

फास्वाने म्पे यांच्या ‘वेलकम टू अवर हिलब्रो’ (२००१) या कादंबरीचे शीर्षक मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिल्याच पावलावर निर्णय घ्यावा लागतो. ‘अवर’ म्हणजे ‘आमचे’ की ‘आपले’? इंग्रजीत झाकून राहणारा भेद येथे उघड होतो : ‘आमचे’मध्ये श्रोता वगळलेला असतो, ‘आपले’मध्ये तो सामावलेला असतो. जोहान्सबर्गच्या या गजबजलेल्या वस्तीत येणाऱ्याचे स्वागत पाहुणा म्हणून व्हावयाचे, की सहनिवासी म्हणून? आफ्रिकी जनसमूहांच्या बंधुभावाचा नैतिक पेच या एका सर्वनामात एकवटला आहे.

मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत सुरू होऊन अन्यत्र पसरलेल्या हिंसाचारात ६२ माणसे मारली गेली. त्यांतील २१ दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते, हे सहसा ओझरते सांगितले जाते. वस्तुतः विवेचनाचा आरंभच तेथून व्हावयास हवा. कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात, असे विचारून माणसे पारखली जात होती, आणि त्या परीक्षेत सीमेलगतचे त्सोंगा व वेंडा भाषकही संशयित ठरत होते. म्हणजे ‘मक्वेरेक्वेरे’ – परक्या आफ्रिकी माणसासाठीचा हेटाळणीचा शब्द – ही आधीपासून सिद्ध असलेली व्यक्ती नव्हे. ती आरोपाच्या क्षणी घडवली जाते.

या हिंसेच्या निषेधार्थ पुढे केला जाणारा युक्तिवाद प्रायः ऋणाचा असतो. वर्णभेदविरोधी लढ्याच्या काळात शेजारी देशांनी आश्रय दिला आणि त्याची किंमतही मोजली. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने मासेरूवर घातलेल्या छाप्यात ४२ जण ठार झाले. त्यांतील १२ लेसोथोचे नागरिक होते. हे स्मरण सत्य आहे, आणि अपुरेही. ज्यांना आश्रय लाभला ते प्रामुख्याने परागंदा कार्यकर्ते व नेते होते. त्यांच्या कृतज्ञतेचा हप्ता अलेक्झांड्रातील बेकार तरुणाने का भरावा, याचे उत्तर या युक्तिवादापाशी नाही. शिवाय ऋण हिशेबात मावते. ज्यांच्या खात्यावर असे उपकार जमा नाहीत, त्या सोमाली वा बांगलादेशी दुकानदाराचे काय? आणि फेडून झालेल्या ऋणानंतर शेजाऱ्याला कोणत्या आधारावर राहू द्यावयाचे?

दुसरा आधार सांगितला जातो तो समान वंशाचा आणि समान वसाहतिक यातनेचा. इतिहास त्याला फारशी साथ देत नाही. फ्रान्झ फॅनन यांनी १९६१ मध्येच आयव्हरी कोस्टमधील दाहोमीय व अपर व्होल्टातील लोकांविरुद्धच्या दंगलींचा दाखला देऊन राष्ट्रवादाची ही घसरण नोंदवली होती. १९६३ मध्ये आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली आणि सहाच वर्षांनी एन्क्रुमांच्या घानाने, अर्थात त्यांच्या पदच्युतीनंतर, परवाना नसलेल्या परकीयांना दोन आठवड्यांत देश सोडण्यास फर्मावले. १९८३ मध्ये घानाच्याच लोकांवर नायजेरियातून निघण्याची पाळी आली. त्यांनी सामान भरलेल्या चौकड्यांच्या पिशवीला ‘घाना मस्ट गो’ हे नाव कायमचे चिकटले.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे राज्यसंस्थेने आपल्याच बहुसंख्य जनतेला परके ठरवण्याचे तंत्र सिद्ध केले होते. पास-कायद्यांनी कृष्णवर्णीय माणूस शहरात तात्पुरता ठरला. १९७६ मध्ये ट्रान्सकेईला ‘स्वतंत्र’ करून तेथील म्हणून गणल्या गेलेल्यांचे नागरिकत्वच काढून घेण्यात आले. महमूद ममदानी यांनी ‘सिटिझन अँड सब्जेक्ट’मध्ये (१९९६) वसाहतिक सत्तेने केलेली नागरिक आणि प्रजा ही फाळणी स्वातंत्र्यानंतरही कशी उरते, हे दाखवले आहे. कागद दाखव, भाषा बोलून दाखव, मूळ गाव सांग – पोलिसाचे हे प्रश्न २००८ मध्ये शेजारी विचारू लागला. ‘भूमिपुत्र’ या शब्दाचे राजकारण जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये.

याच भूमीत १९५५ च्या स्वातंत्र्य-सनदेने वेगळा निकष मांडला होता : देश तेथे राहणाऱ्या सर्वांचा. जन्म नव्हे, रक्त नव्हे, उपकारही नव्हेत, निवास. त्यात कृतज्ञतेची अपेक्षा नाही, म्हणून कृतघ्नतेची सबबही नाही. मात्र हा निकष कठीण आहे, कारण जो रोज त्याच नळावर, त्याच रोजगाराच्या रांगेत स्पर्धक म्हणून उभा आहे, त्याच्याच बाबतीत तो पाळावयाचा असतो.

म्पे यांनी ही कठीणता टाळलेली नाही. एड्स आणि गुन्हेगारी यांचे खापर हिलब्रो व तेथील परकीयांवर फोडणारे तिरागालाँग हे गाव त्यांनी निर्दोष ठेवले नाही. नायकाच्या आईला चेटकीण ठरवून जाळणारे तिचेच गावकरी आहेत. परक्याचा शोध अखेर घरात येऊन थांबतो. निवेदन द्वितीय पुरुषी असून ते मृत नायकाला उद्देशून आहे, आणि ‘अवर’चा परीघ हिलब्रोपासून अलेक्झांड्रा, ऑक्सफर्ड, थेट स्वर्गापर्यंत रुंदावत जातो. पूर्ण अर्थाने ‘आपले’ हे सर्वनाम येथे मृतालाच लाभते. ही कादंबरीची मर्यादा मानावी की तिचे निदान, याविषयी मतभेद संभवतो. अनुवादकाला मात्र मुखपृष्ठावर एकच शब्द छापता येतो.