जीपचें मूळपण

आमच्या एका स्नेह्यांनीं १९४३ सालची लष्करी विलीस जीप भंगाराच्या भावानें घेऊन बेताच्या खर्चांत उभी केली. साठ अश्वशक्तीचें पेट्रोल-इंजिन काढून परवडेल असें जुनें डिझेल बसविलें व त्याची रीतसर नोंदही केली. सहा व्होल्टांची वीजयोजना बारांची झाली. पत्रा गांवच्या लोहारानें ठोकला. मूळचें उरलें काय? सांगाडा, त्यावरील क्रमांक आणि चारही चाकांस जोर पोंचविणारी दुय्यम गिअरपेटी. या काटकसरींत आम्हांस यत्किंचितही दोष दिसत नाहीं. प्रत्येक सुटा भाग परदेशाहून मागविणारा धनिक तेवढा प्रामाणिक, हें मत तर हास्यास्पदच होय.

चाक, आंस, जूं यांपैकीं एकही रथ नव्हे, रथ हें नांव मात्र, असें नागसेनानें मिलिंद राजास पटविलें. ठीक आहे; पण गिऱ्हाईक नांवालाच किंमत देऊं लागलें कीं हें तत्त्वज्ञान अपुरें पडतें. परवां एका गृहस्थांनीं गाडी अस्सल ना, असें विचारतांच स्नेह्यांनीं सांगाड्यावरील क्रमांकावर बोट ठेविलें. क्रमांक खराच होता. आम्ही शेजारींच उभे होतों. कागद पुढें त्यांस पाहतां येतीलच, अशी आम्ही मनाची समजूत घातली. इंजिनावरील झांकण उघडून पाहा, असें कांहीं म्हटलें नाहीं.